परिशिष्ट चारमधले पान : लोकप्रशासनातील एका पीएचडी प्रबंधाचा प्रकरण अभ्यास

प्रबंध माझ्याकडे आला तो मे महिन्याच्या शेवटी. विषय लोकप्रशासन, माध्यम मराठी, पाने तीनशेच्या वर, शीर्षकाच्या शेवटी ठरलेले दोन शब्द, 'चिकित्सक अभ्यास'. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ एका जिल्ह्यात कसा राबवला गेला याचा तो अभ्यास होता. बाह्य परीक्षक म्हणून मला तीनपैकी एक शिफारस करायची होती : तोंडी परीक्षा घ्यावी, प्रबंध सुधारून पुन्हा मागवावा, किंवा नाकारावा.

संशोधक कोण, हे ऋणनिर्देशातून कळले. महसूल खात्यात अव्वल कारकून, नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणारे. तहसीलदारांचे, सेतूतल्या सहकाऱ्यांचे आणि रात्री जागून टंकलेखन करून देणाऱ्या पत्नीचे त्यांनी मनापासून आभार मानले होते.

हे सारे मी त्यांच्या संमतीने लिहिते आहे. जिल्हा, विद्यापीठ आणि वर्ष सांगत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. आपल्याकडे पीएचडीच्या दर्जाबद्दल बोलणे निघाले की चोरलेला मजकूर, विकत लिहून घेतलेले प्रबंध, पैसे भरून छापून आणलेले लेख यांचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण या प्रबंधात त्यातले काहीही नव्हते. माणूस प्रामाणिक होता, कष्ट खरे होते आणि नियम पाळलेले होते. तरी प्रबंध आतून रिकामा राहिला होता. तो का रिकामा राहिला, ते मला परिशिष्टापर्यंत पोचल्यावर उमगले.

कायदा काय म्हणतो

पुढचे समजण्यापुरते कायद्याबद्दल सांगते. २८ एप्रिल २०१५ रोजी राज्यात याविषयीचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. दाखले, नोंदी, परवाने अशा सेवा अधिसूचित करायच्या, प्रत्येक सेवेला मुदत ठरवायची आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी नेमायचा. सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर त्याच खात्यात पहिले आणि दुसरे अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. सबळ कारण नसताना सेवा अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत मिळायला हवा, हे आता गावागावात माहीत आहे.

एक बारीक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. मुदत मोजायची ती 'सर्व बाबतींत परिपूर्ण' अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. या प्रकरणाचे सगळे मूळ या दोन-तीन शब्दांत आहे.

प्रबंध जसा होता

कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती. अभ्यासक्रमाचे श्रेयांक पूर्ण, संशोधन सल्लागार समितीपुढची सादरीकरणे झालेली, इतरांच्या लेखनाशी किती मजकूर जुळतो ते सांगणारा साम्य तपासणीचा अहवाल दहा टक्क्यांच्या आत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला कोणतीही कारवाई नाही, म्हणजे तिथेही हरकत नव्हती.

पहिले प्रकरण प्रस्तावना. दुसरे पूर्वसाहित्याचा आढावा. त्यात अमुक यांनी तमुक वर्षी तमुक म्हटले, अशा परिच्छेदांची रांग आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तिसरे संशोधन पद्धती. चौथ्यात जिल्ह्याची ओळख : नद्या, पर्जन्यमान, मातीचे प्रकार, तालुक्यांची नावे, यात्रा आणि देवस्थाने. सेवा हक्काच्या कायद्याशी पर्जन्यमानाचा काय संबंध, हे कुठेही लिहिलेले नव्हते. मराठीतल्या बहुतेक जिल्हापातळीवरच्या प्रबंधांत हे प्रकरण असते, कारण आधीच्या प्रबंधात ते असते. पाचव्यात कायद्याची कलमे एकामागून एक. सहाव्यात सारण्या, आलेख आणि प्रत्येक सारणीखाली तिचेच शब्दांत वर्णन. सातव्यात निष्कर्ष आणि शिफारशी : जनजागृती करावी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, रिक्त पदे भरावीत.

नमुन्यात ४०० नागरिक होते. या चारशेबद्दल थोडे सविस्तर सांगायलाच हवे, कारण हा आकडा मी इतक्या प्रबंधांत पाहिला आहे की आता पान उलटण्याआधीच तो दिसतो. तो येतो तारो यामाने यांच्या सूत्रातून. एकूण लोकसंख्येला एका बेरजेने भागायचे. ती बेरीज म्हणजे एक अधिक लोकसंख्या गुणिले अंदाजात जितकी चूक चालेल तिच्या प्रमाणाचा वर्ग. चूक पाच टक्के धरली आणि लोकसंख्या एक लाख असली की उत्तर ३९८ येते, दहा लाख असली की ४००. त्यापुढे लोकसंख्या कितीही वाढवा, उत्तर चारशेवरच थांबते. गणित चोख आहे. पण ते लागू पडते ते यादृच्छिक नमुन्याला, म्हणजे प्रत्येक अर्जदाराला नमुन्यात येण्याची सारखी संधी असेल तेव्हा. इथे प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या सेतू केंद्राच्या दारात, दाखला हातात घेऊन बाहेर पडणाऱ्यांकडून. ज्याला दाखला मिळालाच नाही, जो तीन खेपा घालून घरी बसला, ज्याने कंटाळून एजंट गाठला, तो त्या दारात भेटणार कसा? पद्धतीच्या प्रकरणात मात्र 'यादृच्छिक नमुना निवड' असे लिहिले होते, आणि चारशेचे सूत्र चौकटीत छापले होते.

गृहीतके दोन. कायद्यामुळे सेवा वेळेत मिळू लागल्या आहेत, आणि नागरिकांत कायद्याविषयी पुरेशी जागृती नाही. ही दोन्ही खोटी ठरायची तर काय दिसायला हवे होते, हे कुठेच सांगितले नव्हते. शेवटी दोन्हींपुढे एकच वाक्य होते, 'सदर गृहीतक सिद्ध झाले आहे.' माझ्या वीसेक वर्षांच्या परीक्षकपणात गृहीतक खोटे ठरले असे लिहिणारा मराठी प्रबंध मला एकदाच भेटला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

दुसऱ्या परीक्षकांचा अहवाल तोवर पोचला होता, हे मला नंतर कळले. पानभराचा आणि अनुकूल. असे अहवाल मीही पूर्वी दिले आहेत. परीक्षा तोंडावर आलेल्या, टेबलावर तीन प्रबंध पडलेले, संशोधक नोकरदार किंवा शिष्यवृत्तीवर जगणारा, आणि त्याची सहा वर्षांची मुदत संपत आलेली. माणूस मनातून विरघळतो आणि सही करतो. त्या सह्यांचे मला आज वाईट वाटते, कारण त्यातून संशोधकाच्या पदरात काही पडले नाही.

पान

परिशिष्टे मी वाचते, ती बहुधा शेवटी आणि दमून. परिशिष्ट एक प्रश्नावली, दोन अधिसूचित सेवांची यादी, तीन छायाचित्रे. चौथ्याला नावच नव्हते. नुसती एक छायाप्रत होती, थोडी तिरपी आलेली. सेतूतल्या टोकन नोंदवहीचे एक पान.

हाताने आखलेले चार रकाने. टोकन क्रमांक; अर्जदाराचे नाव, काळ्या शाईने खोडलेले; मग एक तारीख, पेन्सिलने; आणि शेवटच्या रकान्यात पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि दुसरी तारीख, निळ्या पेनाने. महिना जूनचा. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झालेली आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसीलबाहेर सकाळी सातपासून रांग लागायचे ते दिवस. पानावर बावीस नोंदी होत्या. एका टोकनापुढे पेन्सिलची तारीख तीन जून आणि पेनाची चौदा. त्याखाली तीन आणि चौदा. पुढे चार आणि सोळा. एकाही ओळीत दोन्ही तारखा एक नव्हत्या.

मी ते पान दिव्याखाली धरून पुन्हा वाचले. सबंध प्रबंधात जे कुठेच नव्हते, ते इथे होते. कागदपत्रांचा गठ्ठा खिडकीत आला तो तीन तारखेला. पोर्टलवर अर्ज जन्माला आला तो चौदाला. पोचपावतीवर छापलेली तारीख चौदा, म्हणून कायद्याचे पंधरा दिवस सुरू झाले तेही चौदापासून. दाखला पंचवीसला निघाला असेल, तर जिल्ह्याच्या अहवालात तो अकरा दिवसांत दिलेला दाखला. घरी थांबलेल्या पोराच्या हिशेबाने मात्र बावीस दिवस, आणि तोवर त्याची प्रवेशाची पहिली फेरी कदाचित होऊन गेलेली.

सहाव्या प्रकरणातल्या सारण्यांना आता निराळाच अर्थ आला. नागरिकांना विचारले होते, 'आपणांस सेवा विहित मुदतीत मिळाली का?' बहुतेकांनी होय म्हटले होते. त्यांच्या हातात पोचपावती होती, तिच्यावरची तारीख होती. खोटे कोणीच बोलले नव्हते.

ज्या माणसाने हे पान छायाप्रत काढून परिशिष्टात लावले, त्याला त्याचा अर्थ ठाऊक नसेल हे शक्यच नव्हते. अव्वल कारकून ते. रोज त्यांच्याच टेबलावरून हे अर्ज जात. मग ते पान निनावी होऊन मागच्या बाजूला का पडले?

अहवालात मी काय मागितले

सुधारून पुन्हा सादर करावा, अशी मी शिफारस केली आणि नऊ पानांचा अहवाल लिहिला. तो लिहिताना अमेरिकेतला एक जुना वाद मनात होता. १९८४ मध्ये हॉवर्ड मॅक्कर्डी आणि रॉबर्ट क्लिअरी यांनी लोकप्रशासनातल्या १९८१ सालच्या १४२ पीएचडी प्रबंधांचे सारांश तपासून एक लेख लिहिला. त्यांनी प्रत्येकाला सहा प्रश्न लावले. हेतू खरोखर संशोधनाचा आहे का, रचना काटेकोर आहे का, एखादा सिद्धान्त तपासला आहे का, कार्यकारणसंबंध दाखवला आहे का, विषय या ज्ञानशाखेत महत्त्वाचा आहे का, आणि तो तिच्या आघाडीवरचा आहे का. निकाल फार निराशाजनक होता. बहुतेक प्रबंध या कसोट्यांवर टिकत नव्हते. क्लिअरींनी पुढे १९९० आणि १९९८ सालच्या प्रबंधांवर हीच तपासणी पुन्हा केली. दुसरीकडे १९८६ मध्ये जे व्हाइट यांनी आक्षेप घेतला की या कसोट्या एकाच जातीच्या संशोधनाला धरून आहेत. माणसे आपल्या कामाचा अर्थ कसा लावतात हे समजून घेणारे, किंवा चालू व्यवस्थेची चिकित्सा करणारे संशोधन त्यांत बसणार कसे?

मला व्हाइट यांचे म्हणणे पटते, पण आपल्याकडे त्याचा एक धोका दिसतो. कसोटीच सैल केली, तर 'गुणात्मक अभ्यास' या नावाखाली चार मुलाखती आणि दहा पाने वर्णन खपून जाईल. म्हणून मी ते सहा प्रश्न बाजूला ठेवले आणि अहवालाच्या पहिल्या पानावर एकच विचारला : हा प्रबंध वाचल्यावर तहसील कार्यालयाबद्दल असे काय कळते, जे कायदा आणि जिल्ह्याचा अहवाल वाचून कळले नसते? मग लिहिले की उत्तर संशोधकाकडे आहे आणि ते परिशिष्ट चारमध्ये ठेवलेले आहे.

त्याखाली मागण्या मांडल्या. चौथे प्रकरण काढा. कलमांचे प्रकरण पाच पानांत आणा आणि त्यात 'परिपूर्ण अर्ज' या शब्दांची चर्चा करा : परिपूर्णता कोण ठरवतो, कोणत्या टेबलावर, कशाच्या आधारे. चारशे प्रश्नावल्या फेकू नका, पण त्या कोणाच्या आहेत ते खरे लिहा. टोकनची तारीख आणि पोर्टलची तारीख यांतले अंतर निदान आणखी दोन तालुक्यांत तपासा. आणि ते अंतर का पडते, हे समजावून सांगा.

या शेवटच्या मागणीसाठी मी त्यांना इंग्लंडचा एक दाखला दिला. तिथल्या सरकारी रुग्णालयांना ठरवून दिले होते की अपघात विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत मार्गी लावायचे. ग्विन बेव्हन आणि ख्रिस्तोफर हूड यांनी २००६ मध्ये या लक्ष्यांच्या परिणामांवर लिहिले. त्यात एक प्रकार असा की काही ठिकाणी रुग्ण दाराबाहेर रुग्णवाहिकेतच थांबवून ठेवले जात, कारण घड्याळ सुरू होई ते रुग्ण आत घेतल्यावर. पोर्टलवर चढण्याआधी अर्जांचे गठ्ठे थांबतात तो सेतूतला रॅक आणि तिथली रुग्णवाहिका हे एकाच जातीचे. जगभरचे अभ्यासक ज्या प्रश्नाशी झटत आहेत, त्याचा अस्सल पुरावा आमच्या एका अव्वल कारकुनाच्या हातात होता, आणि प्रबंधभर मात्र जनजागृतीची शिफारस होती. हे लिहिताना मला खरोखर हळहळ वाटली.

एक दाखला घरचाही दिला. लोकप्रशासनाच्या आपल्या विद्यार्थ्यांना डॉ. आंबेडकर राज्यघटनेपासून माहीत असतात, पण कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पीएचडी मिळवली ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरच्या प्रबंधावर, जो १९२५ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. विषय थेट लोकप्रशासनाचा : केंद्र सरकार प्रांतांना पैसा देते कसे. १८७१ पासून प्रांतांना स्वतःची अंदाजपत्रके मिळाली, म्हणजे विकेंद्रीकरण झाले, असे सरकारी कागद म्हणत होते. आंबेडकरांनी ते शब्द जसेच्या तसे उचलले नाहीत. प्रांताच्या हाती पैसा कोणत्या वाटेने येतो, हे त्यांनी पाहिले आणि त्यावरून तीन टप्पे पाडले. १८७१-७२ ते १८७६-७७ या काळात ठरावीक रक्कम नेमून दिली जाई. १८७७-७८ ते १८८१-८२ मध्ये काही महसुलाच्या बाबी नेमून दिल्या. आणि १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत महसुलात वाटा. पुढे त्यांनी प्रांतांवर घातलेल्या बंधनांच्या नियमांत शिरून विचारले की या व्यवस्थेचे खरे स्वरूप काय, आणि दाखवले की प्रांतांची अंदाजपत्रके वेगळी दिसली तरी महसूल आणि सत्ता दोन्ही केंद्राच्याच हाती होती.

'सर, तुमच्यापुढेही हेच काम आहे,' असे मी त्या अहवालात लिहिले. परीक्षकाने संशोधकाला अहवालात असे संबोधायचे नसते, पण ते वाक्य मी ठेवले.

मधले महिने

मधल्या काळात माझा त्यांच्याशी संपर्क नव्हता, नसायलाच हवा होता. प्रबंध दुसऱ्यांदा आला तो साधारण नऊ महिन्यांनी. पाने एकशे ऐंशी. 'चिकित्सक अभ्यास' हे शब्द शीर्षकातून गेले होते. ते जावेत असे मी म्हटलेही नव्हते.

परिशिष्ट चारचे पान आता तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर होते, सरळ केलेले, खाली मथळ्यासह. आणखी तीन तालुक्यांच्या टोकन नोंदवह्यांसाठी त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केले होते. एका तालुक्याने जून-जुलैच्या प्रती दिल्या. दुसऱ्याने कळवले की अशी नोंदवही ठेवली जात नाही. तिसऱ्याने आधी उत्तर दिले नाही. पहिल्या अपिलानंतर काही पाने दिली, त्यांत पेन्सिलचा रकाना कोरा होता. ही तिन्ही उत्तरे त्यांनी प्रबंधात पुरावा म्हणून मांडली. जिथे नोंदवहीच नाही तिथे अर्जदार किती दिवस थांबला हे कोणालाच सांगता येणार नाही, असे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले होते. अंतराचे आकडे मी इथे देत नाही. ते त्यांच्या कष्टाचे आहेत आणि त्यांच्या लेखातून आधी यावेत.

त्यांनी लावलेली कारणमीमांसा मात्र सांगते, कारण प्रबंधाचा जीव तिच्यात आहे. जिल्हा पातळीवरच्या आढावा बैठकीत पोर्टलवरची प्रलंबित प्रकरणे तालुकावार पडद्यावर दाखवली जातात. ज्याचा आकडा मोठा, त्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. जूनमध्ये अर्ज एकदम वाढतात, पण पडताळणी करणारे हात तेवढेच राहतात. आलेला प्रत्येक अर्ज लगेच पोर्टलवर चढवला, तर तालुका बैठकीत उघडा पडतो. म्हणून कार्यालय जितके अर्ज मुदतीत उरकू शकेल तितकेच रोज आत घेते आणि बाकीचे गठ्ठे रॅकमध्ये राहतात. हे कोणी लेखी सांगत नाही, आणि कोणाची ठरवून अडवणूकही नसते. विचारलेच तर उत्तर तयार असते : अर्ज परिपूर्ण नव्हता, त्रुटी होती. लोकांसाठी आणलेली मुदत अशा रीतीने आढावा बैठकीची मुदत झाली आणि उशीर घड्याळाच्या अलीकडे सरकला.

पहिले गृहीतक त्यांनी स्वतःच खोडले होते. 'पोर्टलवरील नोंदीपुरते हे विधान खरे दिसते. अर्जदाराने कागदपत्रे दिल्यापासून मोजल्यास ते टिकत नाही.' ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली. शिफारशी होत्या तीन, आणि तिन्ही उद्या अमलात आणता येतील अशा. त्यातली एक म्हणजे टोकन देतानाच ते पोर्टलवर नोंदवावे आणि आढावा बैठकीत दोन्ही तारखा दाखवाव्यात.

त्रुटी उरल्याच होत्या. साहित्याच्या आढाव्यातले निम्मे परिच्छेद जुनेच राहिले होते. इंग्लंडचा दाखला उसना वाटावा इतका घाईत आला होता. एका तालुक्याच्या नोंदींवरून जिल्ह्याबद्दल बोलायचा मोह दोन ठिकाणी आवरलेला नव्हता. मी तोंडी परीक्षेची शिफारस केली.

तोंडी परीक्षा

विभागाच्या छोट्या सभागृहात वीसेक माणसे होती. संशोधकांच्या पत्नी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. तिथे मी मनातला प्रश्न विचारला. ते पान पहिल्या वेळी मागे का ठेवले?

ते जरा थांबले. "मॅडम, पहिल्या मसुद्यात ते सहाव्या प्रकरणातच होते."

त्यांचे मार्गदर्शक पुढच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "मीच काढायला लावले. हे सरकारी नोकर आहेत. वर्तणूक नियमांचा कागद पुढे आला असता, तर पीएचडी राहिली बाजूला, नोकरीवर आले असते. परिशिष्टात तेवढे राहू दिले."

मला त्यांचा राग आला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कार्यालयीन माहिती उघड करण्यावर आणि शासनाच्या धोरणावर टीका करण्यावर बंधने आहेत. आपल्या विषयातले अनेक संशोधक तलाठी, ग्रामसेवक, कारकून, विस्तार अधिकारी असतात. ज्यांना आतले माहीत आहे त्यांचेच हात बांधलेले, आणि ज्यांचे मोकळे आहेत त्यांना पेन्सिल आणि पेन यांतला फरक दिसत नाही. म्हणून प्रश्नावली सर्वांना सुरक्षित वाटते. तिने कोणी दुखावत नाही. या प्रकरणात वाट निघाली ती माहितीच्या अधिकारातून : शासनाने स्वतः लेखी दिलेली प्रत वापरली, तर ते गुपित फोडणे होत नाही. नोंदणीच्या वेळीच मार्गदर्शक आणि सल्लागार समितीने हा विचार केला असता, तर या गृहस्थांची दोन वर्षे वाचली असती. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मर्यादा मला तरीही जास्त वाटते. आठ जणांच्या नोंदवह्या उघडून पाहायला कोणाला वेळ आहे? समितीपुढे स्लाइड दाखवल्या जातात. कच्चा पुरावा टेबलावर ठेवा, असे कोणी म्हणत नाही.

श्रोत्यांतून एका प्राध्यापकांनी विचारले की नमुना इतका लहान, मग निष्कर्षाला वजन काय? संशोधकांनी उत्तर दिले, "सर, किती टक्के अर्ज थांबतात हे मी सांगूच शकत नाही. ते कसे थांबतात एवढे सांगू शकतो." पहिल्या प्रबंधात चारशेच्या सूत्राला चौकट घालणारे हेच ते गृहस्थ.

शेवटचा प्रश्न माझा होता. नोंदवहीत पेन्सिलने तारीख कोण लिहितो?

"सेतूतला ऑपरेटर."

"त्याची मुलाखत प्रबंधात नाही. कोणता अर्ज आज चढवायचा आणि कोणता उद्या, हे रोज तोच ठरवतो ना?"

"हो मॅडम, तोच. मी त्याच्याशी पुष्कळदा बोललो आहे. पण तो कंत्राटी आहे. नाव नाही घातले, तरी त्या सेतूत ऑपरेटर एकच आहे."

मी माझ्या टिपणात 'मुलाखत नाही' असे लिहिले होते. ते खोडले आणि सही केली.